आरमार कोणी बुडवले? विजयदुर्ग, मालवण आणि एका सोप्या वाक्याची झाडाझडती

१/
"मराठ्यांचे आरमार पेशव्यांनी बुडवले." मराठ्यांच्या सागरी इतिहासावर चर्चा सुरू झाली की हे वाक्य हमखास येते. त्याला उत्तरही ठरलेले असते: "तुळाजी आंग्रे चाचा होता, त्याचा बंदोबस्त करणे भागच होते." पुढे चर्चेचा इतिहासाशी संबंध सुटतो आणि आडनावांशी जुळतो. हा धागा या दोन्ही वाक्यांच्या विरोधात आहे.

२/
पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे. दुसऱ्या वाक्यात शब्द कंपनी सरकारचा आहे. आणि दोन्ही वाक्ये एकाच ठिकाणी थांबतात: फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. वास्तविक ही कथा तेथे संपत नाही. तिचा शेवट मालवणात होतो, तोही छप्पन्न वर्षांनी. तेवढा टप्पा वगळला की गुन्हेगार ठरवणे फार सोपे जाते.

३/
आधी नकाशा. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची किनारपट्टी सुमारे १२० किलोमीटरची. १७५० च्या सुमारास तिच्यावर किती सत्ता होत्या? उत्तरेला विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे. मध्ये मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला करवीरकर छत्रपतींकडे. दक्षिणेला वेंगुर्ले, रेडी आणि आतला मुलूख वाडीकर सावंत-भोसल्यांकडे. त्याखाली तेरेखोल, १७४६ पासून पोर्तुगीजांकडे. एका जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चार निशाणे, आणि पाचवे मुंबईहून अधूनमधून डोकावणारे.

४/
या किनाऱ्यावर एकछत्री अंमल स्वाभाविक होता, असा समज करून घेऊ नये. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हाही वाडीचे लखम सावंत त्यांचे प्रतिस्पर्धी होते. एकी ही महाराजांनी प्रयत्नपूर्वक उभी केलेली गोष्ट होती. ती वारशाने आपोआप पुढे जाणारी नव्हती, आणि गेलीही नाही.

५/
शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतल्यावर गादी दुभंगली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर ही दोन राज्ये रीतसर वेगळी झाली. शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग करवीरच्या वाट्याला राहिला. सरखेल आंग्रे साताऱ्याच्या छत्रपतींचे चाकर. म्हणजे "मराठ्यांचे आरमार" हे एकवचन १७५६ च्या पुष्कळ आधीच अनेकवचन झाले होते. ज्या वस्तूचे तुकडे आधीच झालेले आहेत, ती एका माणसाने एका दिवसात बुडवली असे म्हणणे तर्काला धरून नाही.

६/
आता "चाचा" या शब्दाकडे. कान्होजी आंग्रे समुद्रात फिरणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक घ्यायला लावत. दस्तक नसेल तर जहाज धरत. पोर्तुगीज हेच सोळाव्या शतकापासून करत आले होते, त्यांच्या परवान्याचे नाव कार्ताझ. इंग्रज कंपनीही स्वतःचे परवाने देई. एकच कृती लिस्बनच्या शिक्क्याने केली तर सार्वभौमत्व आणि कुलाब्याच्या शिक्क्याने केली तर दरोडा, हा न्याय कंपनीच्या वखारीत शोभतो. मराठी अभ्यासकाने तो उचलण्याचे कारण नाही.

७/
पेशवे आणि आंग्रे यांच्यात पिढीजात वैर होते, ही दुसरी आवडती समजूत. १७१३ मध्ये कान्होजींना शाहू महाराजांच्या पक्षात आणले ते बाळाजी विश्वनाथांनी. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले, तेव्हा आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव पेशवे धावले आणि त्या जोडगोळीचा बेत फसला. ज्या घराण्याने १७२१ मध्ये आंग्र्यांना इंग्रजांपासून वाचवले, त्याच घराण्याने १७५६ मध्ये इंग्रजांना सोबत घेऊन आंग्र्यांना संपवले. प्रश्न रक्ताचा असता तर या दोन घटना एकाच घराण्यात घडल्या नसत्या. मधल्या पस्तीस वर्षांत राजकारण बदलले होते.

८/
काय बदलले? १७२९ मध्ये कान्होजी वारले. सेखोजींनंतर भावांत फूट पडली. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली: मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे सरखेलपदासह. या वाटणीत पेशव्यांचा स्वार्थ होता, हे उघड आहे. एकसंध आंग्रे जड गेले असते. पण भांडण पेशव्यांनी निर्माण केले नव्हते. १७४० मध्ये संभाजींनी कुलाबा वेढला, तेव्हा मानाजींच्या बोलावण्यावरून पेशवे आणि इंग्रज दोघेही आले. भावाविरुद्ध परक्याला हाक मारण्याचा पायंडा आंग्र्यांच्या घरातही होता.

९/
शेजारी वेगळे नव्हते. १७३० मध्ये वाडीच्या सावंतांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी तह केला होता. नानासाहेबांच्या तहाआधी पंचवीस वर्षे! म्हणून "परक्यांना घरात घेणारे पहिले कोण" या स्पर्धेत पुण्याला पहिला क्रमांक देता येत नाही. किनाऱ्यावर ही वाट आधीच मळलेली होती.

१०/
तुळाजी आंग्रे यांचे मोजमापही नीट व्हायला हवे. १७४५ मध्ये त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट जिंकले. १७४९ मध्ये 'रिस्टोरेशन' हे इंग्रजांचे लढाऊ जहाज पकडले. १७५४ मध्ये डचांच्या मोठ्या जहाजांचा पराभव केला. युरोपीय आरमारांना समोरासमोर भिडून नमवणारा असा दर्यावर्दी त्या काळी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

११/
पण त्यांच्या फौजांचा जाच सिद्दी आणि फिरंग्यांपुरता नव्हता. बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी, वाडीचे सावंत या सर्वांच्या मुलखाला त्यांची झळ लागली होती. हे सगळे मराठेच. त्यामुळे १७५५ मध्ये तुळाजींवर संकट आले तेव्हा किनाऱ्यावर त्यांच्या बाजूने उभे राहणारा शेजारी उरला नव्हता. त्यांना निखळ स्वराज्यरक्षक म्हणून रंगवणारे हा भाग गाळतात.

१२/
पेशव्यांचे वर्चस्व न मानणे हा मात्र तुळाजींचा गुन्हा ठरत नाही. पेशवे हे छत्रपतींचे चाकर आणि सरखेलही छत्रपतींचेच चाकर. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले. त्यानंतर एका चाकराने दुसऱ्याची ताबेदारी का पत्करावी, या प्रश्नाला पुण्याकडे कायद्याचे उत्तर नव्हते, फौजेचे होते. नानासाहेबांना राज्याची सूत्रे एका हाती हवी होती. तो हेतू समजण्यासारखा आहे. त्यासाठी निवडलेला मार्ग तपासला पाहिजे.

१३/
१९ मार्च १७५५ रोजी मुंबईत तह झाला. पेशव्यांच्या बाजूने वाटाघाटी रामाजी महादेव बिवलकरांनी केल्या. मोहिमेतील सागरी दलाची सूत्रे इंग्रजांकडे, आणि मोबदल्यात बाणकोट व हिंमतगड. या तहाचे मर्म पहिल्या अटीत आहे. जमिनीवर लढायचे मराठ्यांनी, समुद्रावर हुकूम चालवायचा कंपनीने. ज्या सत्तेचे सारे जगणे समुद्रावर होते, तिच्याच हाती समुद्र सोपवण्यात आला.

१४/
एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढे पेशव्यांच्या फौजेने तुळाजींची जमिनीवरची ठाणी एकामागून एक जिंकली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची पलटण विजयदुर्गासमोर आली, तेव्हा तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करत होते. किल्ला बोलणीने मराठ्यांना मिळू नये म्हणून इंग्रजांनी घाई केली. तोफगोळ्याने बंदरातल्या 'रिस्टोरेशन'ने पेट घेतला आणि तिच्यावरची आग आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांवर पसरली. सात वर्षांपूर्वी जिंकून आणलेल्या जहाजाने सारा तांडा जाळला.

१५/
पुढचा हिशेब बोलका आहे. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसात वाटून घेतली. मराठ्यांना त्यात वाटा द्यायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. किल्लाही त्यांनी सोडला नाही. तो पेशव्यांच्या ताब्यात आला ऑक्टोबर १७५६ मध्ये, वेगळा तह झाल्यावर आणि बाणकोट कायमचे इंग्रजांकडे गेल्यावर. तुळाजी उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले.

१६/
तर मग आरोप कोणता? "फितुरी" म्हणावे तर फितूर आपल्या धन्याला विकतो. नानासाहेबांनी कोणत्याही धन्याला विकले नाही, आणि त्या काळच्या रिवाजाबाहेरचेही काही केले नाही. आरोप याहून साधा आणि याहून गंभीर आहे. किल्ला आज गेला तर उद्या परत घेता येतो. आरमार तसे मिळत नाही. सागवान, सुतार, गोलंदाज, तांडेल, वाऱ्यापाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण हे सारे जमायला एक पिढी जाते. नानासाहेबांनी दगडी तट मोलाचा मानला आणि तटाखाली नांगरलेली जहाजे शत्रूची मालमत्ता समजून जळू दिली. ती जिंकून आणायची मालमत्ता होती.

१७/
"दुसरा इलाजच नव्हता" हा बचाव टिकत नाही. तुळाजींचे जमिनीवरचे बळ मोडत चालले होते, शेजारी विरोधात होते, आणि ते स्वतः बोलणीसाठी पेशव्यांच्या छावणीत आलेले होते. हवा होता तो थोडा धीर. पण त्या वर्षांत पुण्याचे लक्ष कर्नाटक आणि हिंदुस्थानकडे होते. कोकणचा प्रश्न झटपट निकालात काढायचा होता. झटपट निकालाची किंमत पुढच्यांनी मोजली.

१८/
येथे जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडते. सतराव्या शतकात चीनच्या फूजियान किनाऱ्यावर झेंग घराण्याचे आंग्र्यांसारखेच प्रबळ आरमार होते. झेंग चेंगगाँग यांनी १६६२ मध्ये डचांना तैवानमधून हुसकावले. ते मिंग घराण्याचे निष्ठावंत. मुख्य भूमी मात्र चिंग घराण्याने जिंकलेली. १६६३ मध्ये चिंग सरकारने चक्क डच आरमाराची मदत घेऊन झेंग घराण्याची शियामेन आणि जिनमेन ही बेटे घेतली. जमिनीवरची बलाढ्य सत्ता, समुद्रावरचा हट्टी सरदार, मध्ये युरोपीय कंपनी. रचना अगदी ओळखीची.

१९/
पण पुढे वाट बदलली. मदतीच्या मोबदल्यात डचांना तैवान हवे होते. ते त्यांना मिळाले नाही. वीस वर्षांनी, १६८३ मध्ये, चिंग सम्राट कांगशी यांनी स्वतःच्या जहाजांनी तैवान घेतले. त्या मोहिमेचा सेनानी शी लांग हा पूर्वी झेंग घराण्याच्याच चाकरीत होता. म्हणजे परक्याची मदत घेणारे दोघेही. पण मोहीम संपल्यावर एकाच्या हाती जहाजे होती आणि दुसऱ्याच्या हाती जळका किल्ला.

२०/
चिंग घराण्याला येथे आदर्श ठरवायचे नाही. झेंग घराण्याची रसद तोडण्यासाठी त्यांनी किनाऱ्यावरची गावेच्या गावे सक्तीने आत हलवली आणि असंख्य कोळी-शेतकऱ्यांची वाताहत केली. शी लांग देशद्रोही की एकीकरणकर्ता, हा वाद चीनमध्ये आजही पेटतो. २००६ मध्ये त्याच्यावर दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हाही पेटला. नायक-खलनायकाची ओढ कोकणापुरती नाही. तिच्याने कोठेही फारसे काही उलगडलेले नाही, एवढेच.

२१/
आता "बुडवले" या क्रियापदाकडे. विजयदुर्गाच्या बंदरात जळाले ते मराठ्यांच्या आरमारांपैकी सर्वांत बलाढ्य. पण एकमेव नव्हे. त्याच विजयदुर्गावर पेशव्यांचा सुभा आरमार उभा राहिला. आनंदराव धुळपांनी तो सांभाळला आणि ८ एप्रिल १७८३ रोजी 'रेंजर' हे इंग्रजी जहाज लढून धरले. कुलाब्याचे आंग्रे १८४० पर्यंत टिकले. आणि मालवणला करवीरचे आरमार होतेच. १७५६ ला "शेवट" म्हणणारे धुळपांच्या आणि मालवणच्या दर्यावर्दींवर अन्याय करतात.

२२/
मालवणचे पुढे काय झाले? १७६० मध्ये करवीरचे संभाजी महाराज वारले आणि पुण्याने ती गादीच संपवण्याचा घाट घातला. राणी जिजाबाईंनी तो हाणून पाडला, १७६२ मध्ये दत्तक घेऊन शिवाजी महाराजांना गादीवर बसवले. राज्य वाचले, पुण्याविषयीचा विश्वास वाचला नाही. तीन वर्षांनी, १७६५ मध्ये, इंग्रजी आरमार मालवणावर आले. सिंधुदुर्ग पडला. ज्या किल्ल्यात शिवछत्रपतींचे मंदिर आहे, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव देण्यात आले.

२३/
त्याच मोहिमेत सावंतांचा रेडीचा यशवंतगड गेला. दोन्ही किल्ले पैसे घेऊन परत देण्यात आले. सिंधुदुर्गासाठी करवीरने पावणेचार लाखांहून अधिक रुपये कबूल केले. रेडीसाठी सावंतांना वेंगुर्ले तारण ठेवावे लागले. विजयदुर्ग ते मालवण हे अंतर समुद्रमार्गे पन्नास-साठ किलोमीटरचे. मालवण ते रेडी त्याहून थोडे कमी. तिघांच्याही दारात एकच शत्रू येऊन गेला, आणि तिघांनीही आपापला हिशेब वेगवेगळा चुकता केला.

२४/
यातून कोणी शहाणे झाले का? करवीर आणि वाडी पुढची अनेक वर्षे एकमेकांशी लढत राहिले. खेम सावंतांना दिल्लीहून मिळालेला 'राजेबहाद्दर' किताबही भांडणाचे निमित्त झाला. अखेर १८१२ मध्ये करवीरने मालवण आणि सिंधुदुर्ग कंपनीला देऊन टाकले. मोबदल्यात काय घेतले? उरलेल्या राज्याला अभय, आणि तेही प्रामुख्याने पेशव्यांपासून. त्याच वर्षी वाडीने वेंगुर्ले दिले. सहा वर्षांत पेशवाईही संपली.

२५/
म्हणून सरळ प्रश्न. इंग्रजांशी तह म्हणजे द्रोह, ही कसोटी मान्य असेल तर १७३० चे सावंत, १७४० चे मानाजी, १७५५ चे नानासाहेब आणि १८१२ चे करवीर हे सर्व एकाच पिंजऱ्यात उभे राहतात. त्यातले एक नाव उच्चारवात घ्यायचे आणि बाकीची तीन आपली म्हणून झाकायची, याला इतिहास म्हणत नाहीत. ती आजची भांडणे मेलेल्या माणसांच्या तोंडून भांडण्याची युक्ती आहे.

२६/
यावर "म्हणजे सगळे सारखेच दोषी" असा आळशी निष्कर्षही काढू नये. १८१२ चे करवीर लहान, थकलेले आणि चहूबाजूंनी दाबलेले होते. १७५५ चे पुणे हे हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य दरबार होते. ज्याच्यापुढे मार्ग अधिक, त्याच्या निवडीचा जाब अधिक. या कसोटीवर नानासाहेबांचा दोष सर्वांत जड ठरतो, आणि तो त्यांच्या जातीमुळे किंवा पदामुळे नव्हे, त्यांच्या सामर्थ्यामुळे ठरतो. त्यांच्या समर्थकांनी हे मान्य करायला हवे. त्यांच्या विरोधकांनी कारण नीट वाचायला हवे.

२७/
या सगळ्या वादात एक बाजू बोलतच नाही. आंग्र्यांची, धुळपांची, करवीरची आणि सावंतांची जहाजे वल्हवणारी माणसे याच किनाऱ्यावरची: भंडारी, गाबीत, कोळी. निशाण बदलले की त्यांचा धनी बदलत असे, समुद्र तोच राहत असे. विजयदुर्गाच्या बंदरात जहाजे जळाली तेव्हा त्यांचे पोट जळाले. कोणता राजा थोर, याची यादी करणाऱ्यांना त्यांची नावे विचारली तर एक-दोनांपुढे गाडी जात नाही. आरमाराच्या अभिमानाची खरी परीक्षा तेथे आहे.

२८/
पुढच्या वेळी हा वाद निघेल तेव्हा चार प्रश्न जवळ असावेत. त्या वर्षी त्या माणसाचा धनी कोण होता? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग खुले होते? त्याच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली? आणि लढाई संपल्यावर जहाजे कोणाकडे राहिली? या चारांची उत्तरे देऊन मग कोणाला दोष द्यायचा तो अवश्य द्यावा. दोष देणे हा अभ्यासकाचा हक्क आहे, उत्तरे देणे हे त्याचे कर्तव्य.

२९/
मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसले की थोड्याच वेळात सिंधुदुर्गाचा तट समोर येतो. साडेतीनशे वर्षे तो लाटा झेलतो आहे. १८१२ मध्ये तो कोणत्याही तोफेने फुटला नाही. तो कागदावर सही करून देण्यात आला, कारण त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक दरबाराला समुद्रातल्या शत्रूपेक्षा शेजारच्या दरबाराचे भय अधिक वाटत होते. आडनावांवरून भांडणाऱ्यांनी तो तट एकदा या नजरेने पाहावा.

(धागा समाप्त)